सगळ्या देवांना माझंच नाक

माझं नाक मोठं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मधे एक उंचवटा आणि टोक जरासं डावीकडे वळलेलं. आमच्या गल्लीत म्हणायचे, दानिएलचं नाक वळणावर दिसलं की चहा टाकायचा, दानिएल येईपर्यंत उकळतो. संपादकांनी मला बजावलंय, "धंद्यातले अनुभव लिहा, जन्मापासून सुरुवात करू नका." म्हणून जन्म वगळतो. नाक मात्र वगळता येत नाही. माझा धंदा, माझा धर्म आणि माझी फजिती, तिन्ही गोष्टी शेवटी त्या नाकापाशीच येऊन थांबतात.

मी ट्रकपेंटर. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर माझा पत्र्याचा स्टॉल होता. न्हावा शेवाचं बंदर तेव्हा नवीनच सुरू झालं होतं, लोखंडबाजार भरात होता, आणि जो उठेल तो ट्रक घेत होता. नवा ट्रक येतो तो नुसता सांगाडा असतो बरं का. सुतार त्यावर लाकडी बॉडी बांधतो, मग आमची पाळी. फटींत लांबी म्हणजे पुट्टी भरायची, घासायची, अस्तर द्यायचं, वर रंग चढवायचा. खडूच्या भुकटीत बुडवलेली दोरी ताणून टिचकी मारली की सरळ रेघ उमटते, त्या रेघेवर अक्षरं बसवायची. इथवर सगळं हमालीचं काम. खरी मजा शेवटी, कारण तेव्हा मालक स्वतः डबा उलटा टाकून शेजारी बसतो आणि ट्रकवर काय काय हवं ते सांगायला लागतो.

त्याला सगळंच हवं असतं. पुढे देव, मागच्या फाळक्यावर मुलांची नावं, एका अंगाला गाय-वासरू, दुसऱ्या अंगाला मोर, आणि दृष्ट लागू नये म्हणून जीभ काढलेला राक्षस. माणूस कुठला, कोणाला मानतो, कोणावर जीव टाकतो, हे ट्रकवर वाचता येतं. रोज मी दुसऱ्यांची ही ओळख रंगवायचो. माझ्या स्वतःच्या ओळखीचा मात्र आनंदीआनंद होता.

नाव दानिएल शांतवन गायकवाड. आजोबा नगरकडचे, त्यांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती. स्टॅण्डवर दानिएलचा डॅनी झाला, आणि मलाही तो झोकदार वाटला. पण डॅनी म्हटलं की लोक काय काय गृहीत धरायचे, विचारू नका. एक ड्रायव्हर माझ्याशी कितीतरी वेळ कोंकणीत बोलला आणि मी वेड्यासारखा मान डोलवत राहिलो. नाताळ आला की सगळे केक मागायचे. आमच्या घरी नाताळला करंज्या आणि शेव! ते दिलं की तोंड वाकडं करून म्हणायचे, "तू ख्रिश्चन वाटत नाहीस रे." कसा वाटलो असतो म्हणजे पटलं असतं, ते कोणी सांगितलं नाही. आणि पनवेलच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये गेलो की तिथे मी "तो ट्रकवाला". म्हणजे ट्रकवाल्यांत ख्रिस्ती आणि ख्रिस्त्यांत ट्रकवाला.

शेजारच्या स्टॉलवर इक्बालभाई. त्याच्यासारखं अक्षर अख्ख्या हायवेवर कोणाचं नव्हतं. पण तो चेहरे काढायचा नाही, त्याच्या धर्मात बसत नव्हतं. त्यामुळे चेहऱ्याचं गिऱ्हाईक तो माझ्याकडे धाडायचा आणि नक्षीदार अक्षरांचं मी त्याच्याकडे. देव्या, गुरू, फौजी, नट्या, सगळे चेहरे माझ्या हातचे. खाली कोपऱ्यात झोकात सही करायची, 'डॅनी आर्ट्स, कळंबोली'. ही आमच्या धंद्याची रीत. ट्रक देशभर फिरतो, तीच आपली जाहिरात. ब्रश धुवायच्या आधी सही, असं हाताला वळणच पडलेलं असतं.

नाकाचा शोध माझ्या बायकोने लावला. कृपा तिचं नाव, पण माझ्या चित्रांवर तिने कधी केली नाही. पनवेलच्या एस.टी. स्टॅण्डसमोर आम्ही रस्ता ओलांडायला उभे होतो, पुढ्यातून एक ट्रक गेला.

"अहो, ती देवी बघा."

"बघायची काय त्यात? मीच काढलीय."

"ते दिसतंयच. नाक बघा तिचं."

मी बघितलं. उंचवटा होता. टोक डावीकडे होतं.

त्या दिवसापासून बाईंना नादच लागला. बाजारात जाताना दिसेल त्या ट्रककडे बोट दाखवायच्या. फौजी, तुमचं नाक. नटी, तुमचं नाक. एकदा तर रस्त्यात उभी राहून पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी म्हटलं, "काय झालं?" तर म्हणे, "अहो, गाईलासुद्धा!"

यात एक धंद्याची गोम आहे. ट्रकपेंटरला चेहरा शिकवायला कोण बसलंय? स्टॉलवर दाढीचा आरसा टांगलेला असतो. डोळा कसा वळतो, नाकाची सावली कुठे पडते, ते त्यात बघून आपण शिकतो. एकदा हात बसला की बसला. मग कॅलेंडर समोर ठेवून काढा नाहीतर फोटो, हात आपल्या मुक्कामालाच जातो. बहुतेक पेंटरांना एकच चेहरा येतो. माझ्या बाबतीत तो फारच ओळखू यायचा, एवढंच.

मी मनावर घेतलं नाही. उलट थोडा फुशारलोच, खोटं कशाला बोलू! मग चर्चच्या भिंतीचं प्रकरण झालं.

चर्चला नवे पाळक आले होते. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला मऊ. वेदीमागची भिंत रंगवून तिच्यावर प्रीतीविषयीचं एक छोटं वचन लिहायचं ठरलं, आणि पाळकसाहेब म्हणाले, "घरचा पेंटर असताना बाहेर कशाला जायचं?" मी हरखून गेलो. शनिवारी एकटाच आत बसून जीव ओतून काम केलं. नुसतं वचन बोडकं दिसेल म्हणून भोवती वेलबुट्टी घातली. दोन बाजूंना दोन मोर काढले. खाली लाल-पांढरे पट्टे ओढले. सगळं झाल्यावर ब्रश धुतला आणि समाधानाने घरी गेलो.

रविवारी उपासनेला अख्खी मंडळी भिंतीकडे बघत होती. पाळकसाहेब वेदीपुढे उभे राहिले, वळून बघितलं, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलायला लागले. कृपाने मला कोपर मारलं. वचनाच्या खाली, बरोब्बर उजव्या कोपऱ्यात, पिवळ्या रंगात काळी सावली देऊन लिहिलं होतं, 'डॅनी आर्ट्स, कळंबोली'.

देवाशप्पथ सांगतो, कधी लिहिलं ते मला आठवत नव्हतं.

उपासना संपल्यावर रणपिसे मास्तर उठले. हे आमच्या मंडळीचे पंच, शाळेतून निवृत्त झालेले, पण छडी मनातून गेली नव्हती. म्हणाले, "पट्टे आणि मोर बघून वाटलं, आपलं चर्च आता घाटातून पुण्याला निघालं. चालायचं. पण हा माणूस आठवडाभर दुसऱ्यांचे देव रंगवतो आणि रविवारी आपल्या देवाच्या भिंतीवर स्वतःची जाहिरात करतो. मूर्ती करू नको, ही देवाची दुसरी आज्ञा याला माहीत आहे का? हा नक्की आहे तरी कोण?" सगळे हसत होते ते गप्प झाले.

आमच्या चर्चची एक रीत होती. प्रभुभोजन घेणारे पुढच्या बाकांवर बसत. ज्याचं मंडळीशी किंवा देवाशी काही मिटायचं बाकी असेल तो शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. भाकर आणि प्याला तिथपर्यंत जायचा नाही. मास्तरांनी सुचवलं आणि पंचांनी मान डोलावली, की नाताळपर्यंत दानिएलने मागे बसावं. नाताळला काय उत्तर देतो ते बघून पुढचं ठरवू.

बाहेरच्याला यात काय मोठं वाटायचं? एका बाकावरून दुसऱ्या बाकावर. पण आजोबांपासून आमच्या घरातलं कोणी त्या बाकावर बसलेलं नव्हतं. कृपा पुढे आणि मी मागे. तिची पाठ बघत बसायचो. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पाळकसाहेबांनी मला घरी चहाला बोलावलं. म्हणाले, "मास्तर तिखट बोलले, पण प्रश्न खरा आहे. दानिएलभाऊ, तुम्ही कोण?"

"पेंटर."

"तो धंदा झाला."

"गायकवाड."

"ते आडनाव. धंदा उद्या बंद पडेल. आडनाव तर हजारोंचं असतं. हे सगळं काढून ठेवलं, तर देवासमोर कोण उभं राहील?"

मी बशीत चहा ओतला, प्यायलो, बशी पुसून ठेवली. मनात म्हटलं, हे सगळं काढून ठेवलं तर नाक तेवढं राहील.

मग मी मला जमेल ते केलं. स्टॉलवर पाटी लावली, 'येथे फक्त फुले, मोर व अक्षरे'. इक्बालभाईने ती वाचली आणि कपाळावर हात मारला. "डॅनीभाई, ये क्या लगाया? एका स्टॅण्डवर दोन दोन मौलवी? मी चेहरेवाले गिऱ्हाईक पाठवू कुणाकडे?" मी म्हटलं, पनवेलात बाजारपेठेत एक पेंटर आहे, त्याच्याकडे पाठव. गिऱ्हाइकं कुरकुरत गेली. एक सरदारजी तर मला दवाखान्यात न्यायला निघाला होता. मोर काढून काढून माझ्या स्वप्नात मोर यायला लागले. आणि खरं सांगायचं तर मागच्या बाकावर बसून मला एवढंच कळलं होतं की काय काढायचं नाही. मी कोण, ते तसंच राहिलं होतं.

नाताळ जवळ आला असताना जनार्दन कोळी आला. उरणच्या बाजूचा, खाडीकाठचा. बापजाद्यांपासून मासेमारी, पण बंदर आलं आणि खाडीतली मासळी गेली, म्हणून होडी विकून जुना ट्रक घेतलेला. त्याच बंदरात माल वाहायचा. त्याचं आधीचं काम मी केलं होतं. या वेळी त्याने पाटीकडे बघितलंही नाही.

"मना माझ्या बायकोचा चेहरा पायजे. फालक्यावर."

बायको पारू, पावसाळ्याआधी तापाने गेली होती. मला ते ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "फोटो दे."

"फोटू नाय. कंदी कारलाच नाय. मी सांगतो, तू कार."

आता ही देवी नव्हती, आज्ञा मोडत नव्हती. माणसाला नाही कसं म्हणणार? मी बसलो. तो सांगत गेला, मी काढत गेलो. कपाळ रुंद, डोळे बारीक, हनुवटीवर गोंदण. पूर्ण झाल्यावर तो मागे सरकून बघायला लागला.

"पेंटर, ही तूच हाईस. लुगरं नेसून."

पुसलं. पुन्हा काढलं. "आता तुझी बईन झाली." पुन्हा पुसलं. ठरवून बसलो, नाक बारीक काढायचं म्हणजे काढायचं. ब्रश हळूहळू उतरत उतरत टोकाला आला आणि डावीकडे वळला! इक्बालभाई उभा राहून बघत होता, तोही हसायचा थांबला. कारण जनार्दन हसत नव्हता.

तो म्हणाला, "घाई कर रं. मना तिचा चेहरा इसराया होतंय. रोज थोरा थोरा जातंय. म्हनून तर फालक्यावर पायजे."

मी ब्रश खाली ठेवला. इतकी वर्षं मिरवत होतो, चेहरे डॅनीचेच. आणि एका माणसाची बायको दुसऱ्यांदा जात होती, ती मला धरून ठेवता येत नव्हती, कारण मधे मी उभा होतो. दर वेळी मीच. जिथे हात लावीन तिथे मी. आरशातून बाहेर पडायची वाटच मला माहीत नव्हती. मला रडू आलं, ते टर्पेंटाइनच्या नावावर खपवलं.

मग काही सुचेना म्हणून विचारलं, "जनार्दन, तू तिला सगळ्यात जास्त कधी बघायचास?"

तो विचार करायला लागला. "समोर बसली की मी कवा नीट बगलंच नाय रं. लाज वाटायची." मग म्हणाला, "सकालची. मासं उतरवलं की ती पाटी डोक्यावं घेऊन बाजाराला निघायची. मी होरीत बसून बगत रायचो. बांधावरशी पार वलनापर्यंत. ती मागं बगायची नाय, म्हनून मी पोटभर बगायचो."

"म्हणजे तुला पाठ आठवते."

"पाठ तर सगली पाठ हाय मना!"

मी फाळका कोरा केला. तो सांगत गेला. डावा खांदा जरा खाली. एक हात पाटीला, दुसरा मोकळा. अंबाड्यात अबोलीची वेणी, ती नेहमी एका बाजूला कललेली. लुगड्याचा काष्टा घट्ट. टाच फुटलेली, पण पाऊल हलकं. मी विचारायचो, तो सांगायचा, मी काढायचो. पुढे खाडीचा बांध, आणि वळण. आरसा मी केव्हाच उलटा करून ठेवला होता, पण त्याची गरज नव्हती. या चित्रात नाकच नव्हतं. म्हणजे मी नव्हतो.

शेवटी वेणी रंगवून बाजूला झालो. जनार्दन उठला, फाळक्यापाशी गेला आणि ओला रंग असताना हात पुढे नेऊन हवेतच थांबवला. "पारू," म्हणाला. एवढंच. मग डबा पुन्हा उलटा टाकून तिच्याकडे बघत बसला, जसा होडीत बसत असेल तसा. मी ब्रश धुतला. घरी पोचल्यावर लक्षात आलं, सही राहिली.

नाताळच्या आदल्या दिवशी मी पाळकसाहेबांकडे गेलो. म्हटलं, "तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर सापडलंय. देवाने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवलं असं आपण मानतो. मी उलटं करत बसलो होतो. दिसेल त्याला माझ्या प्रतिरूपात बसवत होतो. देवीला, फौजीला, गाईला, कृपा बोट दाखवते त्या सगळ्यांना. तुमच्या भिंतीवरसुद्धा मीच. देवाने ज्याला घडवलं तो दानिएल कोण, ते अजून पुरतं कळलं नाही. पण मी बाजूला झालो तेव्हा समोरचं माणूस दिसलं, आणि तेव्हाच पहिल्यांदा, कसं सांगू, मी आहे असं वाटलं."

पाळकसाहेब हसले. "माझ्या प्रवचनातला देवसुद्धा जरा माझ्यासारखाच मऊ बोलतो. कृपाताईंना सांगू नका, त्या बोट दाखवतील." मग म्हणाले, "माझ्याकडून पुढचा बाक मोकळा आहे. पण मास्तरांना मंडळीसमोर उत्तर लागेल. ते तुम्हीच द्या."

आता मास्तरांना हे नाकाचं तत्त्वज्ञान कसं सांगायचं, या काळजीत मी नाताळच्या सकाळी चर्चला गेलो. भिंतीवरची माझी सही मी आदल्या संध्याकाळी घाईघाईने चुन्याने झाकली होती. अंगणात पाय ठेवतो तो बाहेर हॉर्न वाजला. जनार्दन ट्रक घेऊन हजर! हातात हा मोठा जिताडा, केळीच्या पानात गुंडाळलेला. आमच्याकडे जिताडा म्हणजे मान, तो ज्याला त्याला देत नाहीत. "पेंटर, तुजा सन हाय ना आज? म्हनून आनला." माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर माशाचं पाणी ठिबकायला लागलं. मंडळी कडेकडेने आत जात होती.

रणपिसे मास्तर मात्र आत गेले नाहीत. ते ट्रकच्या मागे उभे होते. मी मनात म्हटलं, झालं, आता नवी आज्ञा निघणार. जिताडा तसाच हातात घेऊन जवळ गेलो. मास्तरांनी चष्मा काढला होता.

"ही कोण?"

"जनार्दनची बायको, मास्तर. वारली."

"आमची आई पाण्याला जायची," मास्तर म्हणाले. "मी दारात बसलेलो असायचो. अगदी अशीच. खांदा असाच." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, चष्मा लावला, आणि वाकून फाळक्याचा उजवा कोपरा बघितला. मग डावा.

"तुमचं नाव कुठाय?"

"नाही टाकलं."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी उत्तर कसंबसं जुळवून आणलं होतं, पण त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाले, "आधी तो मासा कुठे तरी ठेवा," आणि आत गेले.

मी जिताडा पाळकांच्या स्वयंपाकघरात ठेवला, हात धुतले आणि सवयीने शेवटच्या बाकाकडे निघालो. पुढून मास्तर वळले. सगळ्या मंडळीदेखत ते बाकावर सरकून बसले आणि शेजारच्या जागेवर हाताने थापटी मारली. कृपा मागे वळून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माशाच्या वासाने नाक मुरडलेलं होतं.

मी जाऊन बसलो. वर भिंतीकडे बघितलं. ऑइलपेंटवर चुना धरत नाही, हे कळंबोलीतलं शेंबडं पोरही सांगेल, पण मला घाईत आठवलं नव्हतं. पोपडे सुटले होते, आणि वचनाखाली माझं नाव पुन्हा लखलखीत बाहेर आलं होतं. मास्तरांनीही ते बघितलं. आणि भाकरीची ताटली माझ्याकडे सरकवली.

भाकर घेताना मान खाली घालायची असते. मी ती चांगली खाली घातली, इतकी की समोरचं नाव दिसेना. मग भाकर घेतली.